देवाच्या नावावरचं मशीन

माझ्या थोरल्या जावेला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझा जो जळफळाट झाला तो कुणाला उगाच वाटायचा नाही. साधं बटण तुटलं तरी ती माझ्याकडे पळत यायची. आणि गोव्याहून विलायती शिवणयंत्र आलं ते तिच्यासाठी.

आमचं गाव बांद्याजवळ, नदीच्या अंगाला. नदी उतरून थोडं चाललं की पोर्तुगिजांचा मुलूख लागायचा. आमचं घर एकच, पण मधोमध मातीची भिंत घालून त्याचे दोन वाटे केलेले होते. उजवा थोरल्या भावोजींचा, डावा आमचा. खळं सामाईक, विहीर सामाईक, चुली वेगळ्या. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर, आणि घरातही मास्तरच. भावोजी म्हापशाला एका पाववाल्याच्या भट्टीवर कामाला होते. ये-जा बंद झाली, नाक्यांवर कस्टमचे शिपाई बसले, तरी ओहोटीला नदी उतरून ते महिन्या दोन महिन्यांनी घरी यायचेच. येताना डोक्यावर उंड्यांची टोपली. गोव्याचे ते गोल पाव आमच्याकडे सगळ्या पोरांना ठाऊक होते, त्यामुळे वाटेत कुणी टोपली उघडायला लावलीच तर दोन उंडे हातावर ठेवले की काम भागत असे.

त्या टोपलीतून मशीन आलं. एकदम नाही. एका खेपेला चाक आलं, पुढच्या खेपेला मूठ, मग लाकडी बैठक, मग बॉबिना आणि तेलाची कुपी. उन्हाळाभर हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. शेवटी मशीनचं धूड तेवढं राहिलं, ते काही उंड्यांखाली लपेना. तेव्हा भावोजींनी ते काजूच्या बोंडांच्या पाटीत घातलं आणि वर पिकलेली बोंडं रचली. घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळावरून रस ओघळत होता आणि खांद्यावर माशांचं मोहोळ बसलं होतं. इतकं लोखंड डोक्यावर घेऊन माणूस कंबरभर पाण्यातून आला, आणि आल्या आल्या पाणीसुद्धा न मागता खळ्यात बसून मशीनला लागलेला रस आपल्या पंच्याने पुसत बसला.

जावेने भिंतीपलीकडून हाक मारली, "धाकटे, इकडे ये गो! ह्येंनी काय हाडल्यानी बघ!"

मी गेले. काळंभोर मशीन, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे शेजारी एक ख्रिस्ती बाई कपडे शिवायची, तिच्या ओसरीवर माझं निम्मं लहानपण गेलं. कागद न कापता नुसत्या नजरेने पोलकं बेतायला मी तिच्याकडे शिकले. लग्न झालं आणि ते सगळं पेटीत घालून ठेवल्यासारखं झालं. मास्तरांना मी एकदा म्हटलं होतं, की एखादं जुनं मशीन कुठे मिळालं तर बघा. ते म्हणाले, "बघूया." बघूया म्हणजे काय ते मास्तरांशी संसार केलेल्यालाच कळतं.

बरं, तिने ते नीट वापरावं! तिला मशीनचा आवाज आवडायचा. दुपारी जेवणं झाली की ती कापडच न घालता नुसतं चाक फिरवत बसायची आणि आवाज ऐकून हसायची. एकदा हौसेने उशीचा अभ्रा शिवायला घेतला तो चारही बाजूंनी शिवून टाकला. मग आम्ही दोघी तो अभ्रा हातात धरून बघत बसलो. तिला हसू आवरेना, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुई वाकली, दोऱ्याचा गुंता झाला की ती मला बोलवायची, आणि मी जायची. जायची म्हणजे काय, धावायची.

शिवू ती मला देत होती, नाही असं नाही. पण मशीन तिच्या ओसरीवरून हलवायचं नाही. मी तिथे बसून शिवणार आणि ती बाजूला सुपारी कातरत बसणार. खळ्यापुढून कुणी गेलं की हिची हाक ठरलेली, "बघितलास मगे? माझ्या मशीनार आमची धाकटी शिवता!" तिच्या पोरांचे सदरे मी शिवले, माझ्या मुलीचा झगा शिवला, शेजारणींची पोलकी शिवली, आणि कौतुक व्हायचं ते मशीनचं. कुणी पोलकं अंगावर चढवून आलं की आधी हिला दाखवायचं. मी आपली दाताने दोरा तोडत बसायची.

एक गोष्ट मात्र मशीनहून जास्त खुपत होती. ते आणणारा माणूस बायकोला सुई धरता येत नाही हे जाणून होता, आणि तरी घेऊन आला. का, तर ये-जा चालू होती तेव्हा म्हापशाच्या बाजारात ती एकदा अशाच एका मशीनपुढे उभी राहून "कसा दिसता गो सोबित!" म्हणाली होती. एवढंच. माझ्यासाठी कुणी नदीतून साधं गाठोडंही आणलं नव्हतं. मास्तर पगारातला पैन् पै घरात देत, दारूला शिवत नसत, आवाज चढवत नसत. गावातल्या बायका मला भाग्यवान म्हणत आणि मी हो म्हणून विहिरीवरून पाणी घेऊन येई.

मग जीपवाल्यांचा सुळसुळाट झाला. शेजारच्या गावात कस्टमच्या लोकांनी घरात शिरून घड्याळं, कापडाचे तागे, रेडिओ जप्त करून नेल्याचं कानावर आलं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी मासेवाली पाटी घेऊन आली ती पाटी न उतरवताच बोलू लागली. "जीप इली गो! खालच्या वाडीत घराघरांत शिरतत. माळ्यार चडतत, गवताची उडवी उसकटतत!"

घरात पुरुष माणूस नव्हतं. मास्तर शाळेत, भावोजी म्हापशाला. जावेच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन सापडलं तर ते जाईलच, पण कुणी आणलं म्हणून विचारतील, भावोजींचं नाव निघेल आणि नदी उतरताना त्यांना कुठेतरी धरतील, हे तिला बरोबर कळत होतं. ती मशीनला मिठी मारून बसली. "मी काय करू गो आता? खंय घालू ह्या?"

मला त्याच क्षणी सुचलं. उपाय चांगलाच होता, आजही मी तेच म्हणेन. "वयनी, माझ्याकडे द्या. माका शिवूक येता ह्या सगळ्या गावाक ठावक आसा. माझ्या माहेरसून, वेंगुर्ल्यासून हाडलला म्हणान सांगतंय. मास्तराच्या घरात कोण विचारूचो नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा एक हात मशीनच्या चाकावर कधी गेला होता ते माझं मलाही कळलं नव्हतं. तिने आधी तो हात बघितला, मग माझं तोंड बघितलं. एरवी ही बाई साधीभोळी, पण त्या वेळी तिने मला आरपार वाचलं. माझा हात तिने बाजूला केला.

"देवाक देयन," ती म्हणाली, "पण तुका देवचंय नाय!"

आणि खरंच तिने चुंबळ केली, मशीन डोक्यावर चढवलं आणि देवळाची वाट धरली. मी मागून. आमचं ग्रामदेवतेचं देऊळ वाडीच्या टोकाला. गुरव सभामंडपात झाडत होता. हिने मशीन थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवलं आणि त्याला म्हणाली, गाऱ्हाणं घाल. बाहेर वाडीतली माणसं जमू लागलीच होती. गुरवाने हात जोडले आणि नेहमीच्या खड्या आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान ह्या मशीन तुझ्या पायाकडे हाडून ठेवल्यान हा, ता तुझा मानून घे, आणि तेच्या घरार काय ईडापीडा येत असात ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज जावेचा.

मी मात्र कपाळाला हात लावला. गडबडीत ती 'जीप जाईपर्यंत' एवढं म्हणायला विसरली होती. आमच्याकडे गाऱ्हाणं घालून देवाला दिलेली वस्तू देवाची होते. ती परत हवी तर कौल लावून देवाला विचारावं लागतं, आणि देवाने नाही म्हटलं तर विषय संपला. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तिलाही होतं, पण कळलं ते "व्हय म्हाराजा" म्हणून झाल्यावर. तिने माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

कस्टमचा साहेब घाटावरचा होता. आमचे दोन्ही वाटे पालथे घालून त्याला काही मिळालं नाही, पण सगळी वाडी देवळात का जमलीय हे बघायला तो आला. बूट बाहेर काढून आत आला, देवाला नमस्कार केला आणि मग मशीनकडे बोट केलं. "हे कुणाचं?"

साहेबाशी शुद्ध बोलायचं म्हणून गुरव सावरून उभा राहिला. "देवाचं आसा, साहेब."

"देवाला शिवणयंत्र कशाला?"

"निशाण फाटतं, साहेब. पालखीची झालर फाटता."

"पावती आहे?"

"देवाक कोण पावती दिता, साहेब?"

साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मी देवाच्या आड येत नाही. पण माल परदेशी आहे आणि जकात भरलेली नाही. मला जप्त करावाच लागेल." त्याने शिपायांना मशीन उचलायला सांगितलं. शिपाई आमच्याच मुलखातले. एकाने देवापुढे हात जोडले ते सोडेचना, दुसरा साहेबाची नजर चुकवून खांबाआड गेला. पंच म्हणून सही करायला माणसं मागितली तर एकाला दिसत नव्हतं, एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकाचा अंगठा दुखत होता. एवढ्यात शाळा सोडून मास्तर तिथे आले. सरकारी नोकर म्हटल्यावर त्यांची सुटका नव्हती. त्यांनी पंचनामा वाचला, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. दुसरा पंच म्हणून साहेबाने जीपचा ड्रायव्हर उभा केला.

शेवटी मशीनला दोरी गुंडाळून, गाठीवर लाल लाख ओतून सील मारलं. जप्त तर झालं, पण वरून हुकूम येईपर्यंत राहणार गुरवाच्या ताब्यात, देवळातच. जीप गेली. मशीन आता जावेचं नव्हतं. सरकारचं होतं म्हणावं तर उंबऱ्याशी देवाचं होतं, आणि देवाचं म्हणावं तर त्यावर सरकारचं सील.

जाऊ आमच्याशी बोलायची बंद झाली. विहिरीवर गाठ पडली की कळशी आपटायची. एकदा म्हणाली, "तुझ्या घोवान सही केल्यान." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "आणि देवाक कोणी दिल्यान?" त्यावर आम्ही दोघी इतक्या भांडलो की शेजारणी दोर सोडून ऐकत उभ्या राहिल्या.

मी रोज देवळात जाऊ लागले. लोकांना वाटलं मास्तरीण भाविक झाली. मी जायची ती मशीन बघायला. उदबत्तीचा धूर खाऊन खाऊन त्याची वेलबुट्टी काळवंडत चालली होती, तेलावाचून ते आखडत असणार. देवापुढे हात जोडून मी मनात म्हणायची, तुला एक टाकासुद्धा घालायचा नाही, मग तुला रे कशाला? जावेचा मत्सर सगळ्याच करतात, पण मी देवाचासुद्धा केला. तो मुकाट्याने माझ्याकडे बघत असायचा आणि मशीन त्याच्या उंबऱ्याशी.

भावोजींना जावेने निरोप धाडला होता, इकडे येऊ नका. म्हापशाचा पाववाला कधीमधी कुणाबरोबर उंडे पाठवायचा, त्यावरून माणूस बरा आहे एवढं कळायचं. संध्याकाळी ती ओसरीच्या पायरीवर नदीकडे तोंड करून बसायची. मला तिची कीव यायला हवी होती. यायचीही थोडी. पण माझे मास्तर रोज ठरल्या वेळेला यायचे, छत्री खुंटीला लावायचे आणि चहा झाला का विचारायचे. त्यांची वाट बघायची पाळीच माझ्यावर कधी आली नाही. पायरीवर बसलेल्या तिला बघून मला तेही खुपायचं.

मग गोवा सुटला. नाके उठले, नदीवरचे शिपाई गेले, आणि एका भर दुपारी भावोजी उघड्या रस्त्याने टोपली घेऊन घरी आले. जावेने पोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर त्यांचा हात धरला तो घरात जाईपर्यंत सोडला नाही. त्यानंतर ती माझ्याशी आपणहून बोलायला लागली. सुख झालेलं माणूस भांडण विसरतं, दुसऱ्याला तेवढ्यानेही राग येतो.

मशीनचं काय करायचं म्हणून गावकीने कौल लावला. ओल्या कळ्या देवाच्या पाषाणाला उजवीकडे नि डावीकडे चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मशीन थोरलीला परत द्यायचं काय? डावी कळी टपकन पडली. सरकारला द्यायचं काय? पुन्हा डावी. मग मानकऱ्याने विचारलं, देवाच्या निशाणाचं नि पालखीचं शिवण करील त्याच्या घरी द्यायचं काय? कळी हलेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, सगळे पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हणाले. आणि उजवी पडली. गावात शिवणारी कोण हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

सीलचा प्रश्न होता. मास्तर पंच, ते हात लावेनात. कचेरीला त्यांनी लिहिलं होतं, पण ती कचेरीच उठून कुठे गेली ते कुणाला सांगता येईना. शेवटी गुरवाने देवाचं नाव घेऊन मशीनच्या बैठकीवर नारळ फोडला तो असा नेमका, की पाणी उडालं आणि लाखही उडाली. कुणी काही बघितलं नाही. मास्तर त्या वेळी चष्मा पुसत होते.

भावोजींनीच ते खांद्यावर घालून आमच्या ओसरीवर आणून ठेवलं. धाकट्या भावाच्या बायकोशी ते कधी समोरासमोर बोलत नसत. भिंतीकडे बघत म्हणाले, "तेल घालूक व्हया," आणि गेले. मी दार ओढून घेतलं, मशीन पुसलं, तेल घातलं, आणि कापड लावून पहिली शिवण घातली. माझ्या घरात, माझ्या ओसरीवर. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. आता ही भिंतीपलीकडे जळत असेल असं मी म्हटलं आणि कान लावला. ती भाकरी थापत होती आणि नवऱ्याशी काहीबाही बोलून हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती मांजरपाटाचा तुकडा घेऊन आली. "ह्येंका एक सदरो शीव गो. भट्टीवर सगळे जळान गेले."

"मग भावोजींना पाठवा. माप घ्यायला नको?"

"माप कित्याक?" ती म्हणाली. तिने कापड माझ्यापुढे पसरलं आणि त्यावर वीत टाकली. खांदा इथून इथपर्यंत. मग दोन्ही हातांचं कडं केलं, गळा एवढा. हाताची लांबी तिने आपल्या खांद्यापासून धरली आणि मनगटाच्या पुढे दोन बोटं खाली जाऊन थांबली. "उजवो खांदो थोडो उतरतो धर," ती म्हणाली, "टोपले व्हावन व्हावन तसो झालो हा." डोळे मिटून तिने हवेतच त्यांच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि घेर दाखवला. मला हसू यायला हवं होतं. मी खडूने खुणा करत गेले. सदरा शिवून दिला तो त्यांच्या अंगावर असा बसला की कुठे टाका उसवावा लागला नाही.

उरलेल्या कापडात मास्तरांचाही एक बसत होता. दुपारी मी ते कापड ओसरीवर पसरलं, खडू घेतला आणि हाताची वीत करून त्यावर धरली. इथून कुठपर्यंत? वीत तशीच राहिली. एवढी वर्षं त्यांचे सदरे मी धुतले, वाळत घातले, घड्या घातल्या. मी डोळे मिटून बघितलं. दिसली ती छत्री.

संध्याकाळी ते आले, छत्री खुंटीला लावली. मी म्हटलं, जरा उभे राहा, माप घेऊचा आसा. ते शाळेत उभे राहावे तसे हात लांब करून उभे राहिले आणि म्हणाले, "लवकर आटप, वह्ये तपासूचे आसत." मी त्यांच्या पाठीवर टेप लावली, खांद्याचा आकडा वाचला आणि विसरायला नको म्हणून लगेच कापडाच्या काठावर खडूने लिहून ठेवला.